एक डॉलर, पावतीशिवाय

गेल्या मंगळवारी आमचं वीजकेंद्र विकलं गेलं.
किंमत: एक डॉलर.
काउंटीच्या कचेरीत मालमत्तांचं मोल मी ठरवते,
सत्तावीस वर्षं ठरवते आहे,
म्हणजे रकाना मलाच भरायचा.

पूर्वी आकडा त्या रकान्यात मावत नसे.
शून्यं चौकटीबाहेर सांडायची,
आणि त्या सांडलेल्या शून्यांवर
ओहायो नदीच्या या वळणावर
शाळेचं छप्पर उभं होतं, बँडचे अकरा कर्णे,
बंबाची नवी गाडी
आणि, लपवू कशाला, माझा पगार.

आता विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला वर पैसे मोजलेत.
कराराच्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर आहे, बारीक अक्षरात.
वय उलटलेलं स्थळ कसंबसं खपवावं
तसं उजवलं धुराडं,
आणि सोबत आंदण दिलं राखेचं तळं,
एकशे दहा एकर,
तळाला अस्तर नाही.

नियमांनी मारलं, असं चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात.
मीही म्हणत असे.
पण स्क्रबर बसला त्या वर्षाची बिलं मी जपून ठेवलीत:
त्याचा खर्च आमच्या बिलात आला,
खर्चावरचा नफाही आमच्याच बिलात,
महिन्याला चार डॉलर साठ सेंट.
त्याआधी सकाळी गाड्यांच्या टपावर पांढरा चुरा असायचा,
रंग खाणारा.
कंपनी टोकन वाटायची, गाडी फुकट धुऊन घ्या.
माझ्या भावाच्या छातीसाठी टोकन मागायला
आई गेली नाही.
तशी पद्धत नव्हती.

किंमत इथे ठरतच नाही.
दूर कुठल्याशा खोलीत
दर पाच मिनिटांनी आकडा बदलतो,
जो स्वस्त त्याला हाक,
बाकीच्यांनी पाणी तापवून वाट बघायची.
ओटिस प्रिचर्ड दोन नंबरच्या बॉयलरवर होता,
एकतीस वर्षं.
बापाची चाळीस एकर टेकडी त्याने गॅसवाल्यांना भाड्याने दिली,
आलेल्या पैशातून ट्रक घेतला, निळा.
टेकडीखालचा गॅस निघाला, स्वस्त निघाला,
कोळशाला हाक यायची थांबली.
"माझा बॉयलर मीच बंद केला," तो म्हणतो,
"हप्त्याहप्त्याने,"
आणि ट्रकच्या कराचा चेक माझ्यासमोर सरकवतो.
मी शिक्का मारते. याहून वेगळं काय करणार?

नव्या मालकाचं नाव
हॅलोवे ट्रान्झिशन होल्डिंग्ज, क्रमांक तीन.
पत्ता म्हणजे एक टपालपेटी.
फोनवर एक पोरगा आला, आवाज गोड.
मी विचारलं, त्या डॉलरची पावती मिळेल का?
तो हसला. म्हणाला, "मॅडम, तो प्रतीकात्मक आहे."
मग कोणी कोणाला दिलाच नाही का?
"बघून सांगतो," म्हणाला.
पोरगा वाईट नव्हता.
क्रमांक एक आणि दोनचं काय झालं, हे मात्र
मी विचारायचं विसरले.

कायदा म्हणतो, नाममात्र विक्री म्हणजे बाजारभाव नव्हे.
खरं मोल लिहा.
म्हणून काल दुपारी बसून बेरीज केली:
लोखंड, तांबं, नदीकाठची जमीन,
तारांना जोडलेली ती जागा, जी म्हणे सोन्याची आहे.
मग वजा केलं तळं.
विहिरींची तपासणी वजा केली, पुढची तीस वर्षं.
हॅलोवे तीन बुडाली तर
ती कोणाच्या नावावर चढेल, तेही वजा केलं.

उणे चिन्ह टाकलं.
संगणक म्हणाला: चूक.
या रकान्यात शून्याखालची रक्कम चालत नाही.

पुन्हा टाकलं.

खिडकीतून तळं दिसतं,
त्यावर बदकं उतरलेली.
शाळेतून फोन आला होता,
यंदा किती कर्णे धरायचे, विचारत होते.
उद्या सांगते म्हटलं.
मुदत शुक्रवारची आहे.