बिलावरची नवी ओळ

व्होलोस बंदरामागच्या गल्लीत
विजेच्या बिलावर एक नवी ओळ आली:
घरावर जादा कर, चौरस मीटरप्रमाणे.
थकला, तर वीज तोडू.

एव्हान्थिया शिवणाची टेप काढते,
नव्वदच्या पुढे आकडे पुसट झालेली,
आणि गुडघ्यांवर रांगत
घर मोजायला लागते.
कागदावर शहात्तर. टेपवर एकाहत्तर.
मग उरलेल्या पाचांत राहतं कोण?

टीव्हीवर मंत्री:
सगळ्यांनी मिळून खाल्लं, सगळ्यांनी भरायचं.
थोडा पोटाला चिमटा.

काय खाल्लं बरं आपण?
एक ओव्हन, हप्त्यांवर.
ऱ्होड्सची सहल, तीही गिरणीच्या युनियनची,
बोट लागून अर्धी उलटीत गेलेली.
आणि हो,
नळवाल्याला म्हटलं होतं, पावती राहू दे.
वीस युरो वाचले होते.
ते वीस आता घशाखाली उतरत नाहीत.

गुरुवारी स्तामातिस आला, वीज कंपनीचा,
हातात पक्कड, तोडायच्या घरांची यादी.
यादीत चौथं नाव त्याच्याच सासूचं.
विजार एका हातानं धरून उभा,
पगार कापला तशी कंबरही गेलेली.

"इकडे ये," ती म्हणाली,
आणि तोंडात टाचण्या धरून
त्याच्या कमरेशी कापडाला चिमटा घेतला,
इकडून एक, तिकडून एक.

मशीन चाललं, वीज होती तोवर.
पाच युरो.
"पावती राहू दे," तो म्हणाला, सवयीनं.

ती पावतीपुस्तक शोधत राहिली.
कार्बन वाळला होता.
तिनं दोनदा लिहिलं, दाबून,
आणि तो पक्कड खिशात घालून
थांबला.