चौथं रीळ

महाप्याला, फरसाणच्या कारखान्यामागे आमची लॅब.
बाहेर तळणाचा वास, आत सोळा अंश,
आणि डबा उघडला की आंबलेला शिरका.
फिल्म कुजते ती लोणच्यासारखी,
हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.

हा डबा कॅरिबियनमधल्या एका बेटावरचा.
पोस्टाच्या माळ्यावर, वादळाच्या मदतीतून उरलेल्या ताडपत्र्यांखाली
पंचेचाळीस वर्षं पडून होता.
पाच रिळं. चौथं नाही.
दिग्दर्शकाचं नाव होतं तिथे बुरशीनं फुलं काढलीत.
फार नाजूक. पुसावी लागतील.

बेट म्हटल्यावर मी नारळ धरून चालले होते,
पेल्यात खोचलेली कागदी छत्री.
इथे नळाशी बादल्यांची रांग.
पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड, फुटका टायर,
एका छपरावर तर शिलाई मशीनचं पायडल.
एक बाई मासे कापते
आणि कॅमेऱ्याकडे ढुंकून बघत नाही.
कॅमेरावाला तिच्याच आळीतला असणार,
मागची उधारी न फेडलेला.

रविवारी बाबांना घेऊन गेले.
आवाजाची पट्टी गेलेली, नुसते ओठ हलतात.
तिसऱ्या रिळाच्या टोकाला एकजण होडी ढकलतो,
खारफुटीतून, गुडघाभर चिखलात.
बाबा खुर्चीत पुढे सरकले.
"सुकतीचा पानी हाय. आज ह्यो येनार नाय."
कशावरून?
"खेकऱ्यांची बिला बघ, उघरी हायेत."

पाचव्या रिळात त्याची बायको काळ्या कपड्यांत
दाराला खिळा ठोकत होती.

तिकडे भरती-ओहोटी हातभरच असते,
असं मी नंतर वाचलं.
बाबांना सांगितलं नाही.

आमच्या गावाचीही एक फिल्म आहे.
विमानतळासाठी सिडकोनं काढलेली, सर्व्हेची.
भिंतीवर लाल आकडा, दारात घरवाला,
हातात पाटी, दर घराला अकरा सेकंद.
एकशे बेचाळीसच्या दारात आई.
पदर सारखा करते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते,
पंचनाम्याला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.
मागे ओट्यावर सुकट वाळत घातलंय,
ते अर्धंच आलंय. पुढे एकशे त्रेचाळीस.

ती सीडी मी लॅबमध्ये कधी आणली नाही.
तिला बुरशी लागलेली नाही,
पुसण्यासारखं तिच्यात काही नाही.

परतताना उलव्याच्या अलीकडे सिग्नलला थांबलो.
विमान इतकं खालून गेलं की स्कूटरचा आरसा थरथरला.
बाबांनी वर पाहिलं नाही. हेल्मेटमधून म्हणाले,
"ती बाई कंचा मासा कापीत व्हती गो?"

माहीत नाही.
उद्या फ्रेम मोठी करून बघते.