रिकामी यादी

ग्रिम्सबीत साडेतीनलाच दिवे लागतात.
केनेथचा पायथन उघडून बसले आहे,
चव्वेचाळीस ओळी.
रिटायर होताना म्हणाला होता,
चालतंय ना, मग कशाला हात लावतेस?

काम एवढंसंच:
घरपोच जेवणाची नावं गल्लीवार लावायची.
पण लूपच्या पोटात लूप, त्याच्या पोटात इफ,
गल्ली सापडली नाही तर आधी रिकामी यादी कर,
मग तीत नाव घाल,
पत्ता सांगताना वाटेतलं झाडन्‌झाड मोजावं तसं.

मी निवडायला घेतलं.
आवळत आवळत तीन ओळी उरल्या;
नाव आलं की त्याची गल्ली आपोआप उभी.
चालवून पाहिलं. एकशे बारा नावं, तितकीच.
स्वतःवर खूश होऊन चहा ओतला.

गुरुवारी व्हॅनवाली मॉरीन कागद हलवत आली.
"टारबक लेन कुठे गेली?"
तिथे कुणी नाही आता, म्हटलं,
मिस्टर ऑडबी गेले ना ऑगस्टमध्ये.
"ठाऊक आहे.
पण कागदावर दिसली की मी तिकडून वळते.
त्यांची शेजारीण अजून जेवण मागत नाही,
खिडकीतून बघते नुसती."

केनेथ, तुझी एक ओळ
सगळ्या गल्ल्या आधीच मांडून ठेवायची,
जेवायला कुणी असो नसो,
पानं मांडावीत तशी.
मी तिला केर समजले.

आता चार ओळी आहेत.
चौथीच्या डोक्यावर टीप:
काढण्याआधी मॉरीनला विचारा.