हाताच्या उंचीचं कपाट

ब्लायनाईच्या या झोपायच्या खोलीत
एकही भिंत ओळंब्यात नाही.
खिडकीबाहेर पाटीच्या दगडाचे ढिगारे, आत ही
दोन सूत कललेली, पोट काढलेली.
ते ठीक. पट्टी तासून निभावून नेईन.

टेप गुंडाळला आणि म्हटलं,
मिसेस पॅरी, हात वर करा.
उजवा खांद्याशीच अडला.
डावा कानापर्यंत.
तिथे पेन्सिलीची खूण केली:
कपड्यांचा दांडा इथे, खण त्याखाली,
मुठी मोठ्या, कारण बोटं मिटत नाहीत.

वर तीन फूट कोरी भिंत उरली.
फळकुट ठोकून बुजवतो, म्हणालो.

नको. एक फळी टाक.

काय ठेवणार तिथे?

त्यांनी दाराकडे पाहिलं.
इओलो सहा फूट दोन आहे.
आला, तर मला काढून द्यायला
वर काहीतरी हवं.