बोथट बाजू खाली

बोथट बाजू खाली, झ्लाता म्हणाली,
टोक आभाळाकडे. एवढंही कळत नाही?
मी कोय उलटी टांगली होती
पेल्याच्या काठावर, चार दातकोरण्यांवर.
महिनाभर पाणी बदललं.
ती ढिम्म.

झ्लाता वरच्या मजल्यावर राहते.
तिचे आजोबा सोन्याच्या अफवेमागे
कुठल्याशा बेटावरून इथवर आले.
अफवा संपली, ते राहिले.
मी फेरीबोटीवर दोर बांधतो.
पुन्ता अरेनासहून पोर्वेनीर, पोर्वेनीरहून परत,
मधे सामुद्रधुनी, काळी, पोक काढलेली.
पोर्वेनीर म्हणजे भविष्य. गावाचं नाव आहे ते.
रोज जाऊन येतो.
तिथेही वाराच असतो.

जग तिला आव्होकाडो म्हणतं, आम्ही पाल्ता.
इथे ती रुजत नाही,
उत्तरेहून ट्रकनं येते, दोनदा सरहद्द ओलांडून,
आणि दुकानातल्या फळ्यावर
तिचा भाव खडूनं रोज नवा लिहितात.
पगाराच्या दिवशी मी एक घेतो,
पावावर चुरडतो, वर मीठ.
कोय का ठेवली, विचारू नका.
ओली होती, गुळगुळीत, आकाराहून जड,
तळहातात अशी काही बसली
की कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडवेना.

सरळ केली, आणि ऑगस्टात तडकली.
काहीतरी बोलणार, असं वाटून मी रेडिओ बंद केला.
बोलली नाही.
खालून मूळ निघालं, उंदराच्या शेपटीसारखं,
मग फटीतून तांबूस, ओशाळलेला कोंब.

वीतभर झालं की निम्म्यावर काप, झ्लाता म्हणाली.
कापू?
नाहीतर एका काठीनं छतापर्यंत जाईल.
आणि तिथे काय आहे?

नाही कापलं.
बोटीवर दिवसभर सगळे वाकलेलेच दिसतात,
घरात एक तरी सरळ वाढू दे, म्हटलं.
वाढलं. दोन हात नुसती काठी
आणि टोकाला पाच पानं, छत्री हरवलेल्या माणसासारखी.
डिसेंबरात नगरपालिकेनं चौकात दोर ताणले,
बाहेर माणसं दोर धरधरून चालत होती
आणि आत, काचेआड, जिथे वारा नावालाही नाही,
हे झुकत होतं.
मी बोटीवरच्या दोराचा एक पीळ सोडवला,
खुंट्याला बांधलं, रोजच्याच गाठीनं.

मार्चात झ्लाता जिन्यावरून पडली. खुबा.
तिसऱ्या दिवशी भाची दानीत्सा निरोप घेऊन आली.
मला वाटलं, तब्येतीचा.
निरोप एवढाच: कापलंस का?

त्या रात्री कापलं.
जाळ्याची कात्री, एक बारीक आवाज.
शेंडा पाण्यात ठेवून बघितला,
तिसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली.
मग बावीस दिवस कुंडीत काठी.
बोटीवरचा फिदेल हसला,
लोक कुत्रा पाळतात, तू लाकूड पाळ.
तेविसाव्या दिवशी, पानाच्या जुन्या खुणेपाशी,
दोन डोळे. तिळाएवढे.

रविवारी कुंडी कोटाच्या आत धरून बसनं गेलो.
झ्लातानं चष्मा मागितला,
मग नर्सकडून दुसरा चष्मा मागितला.
दोन, ती म्हणाली. तीन यायला हवे होते. उशीर केलास.
मी विचारलं, फळ कधी धरेल?
या खिडकीत? कधीच नाही.
आणि बोटाच्या टोकानं
माती ओली आहे का, ते बघितलं.
बराच वेळ बघितलं.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, लिंबू का?
हो म्हणालो.
दार उघडं होतं, वारा आत येत होता,
आणि मला दोन्ही हातांनी कुंडी धरायची होती.