सोळावं नाव

पंधरा नावं लिहून झाली.
सोळाव्या रेघेवर पेन्सिल अडली आहे
काल रात्रीपासून.

संघ नव्यानं बांधायचा, असं ठरलं हर्णैच्या सभेत.
चहा गार झाला, ठराव मंजूर झाला,
आणि उठता उठता कुणीतरी हळूच म्हणालं,
होडेकराचं काय?

मुश्ताक होडेकर. वय सव्वीस.
दोन मोसमांत तीन गोल.
चिपळूणला पेनल्टी स्ट्रोक,
गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावलेला,
आणि ह्यानं चेंडू खांबावर घातला.
परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही.
दापोलीच्या नाक्यावर उतरून
त्यानंच सगळ्यांसाठी उकडलेल्या शेंगा आणल्या.

बंदरावर बाबी मेस्त्री
जुन्या होडीची फळी बोटानं वाजवून सांगतो,
ही राहील, ही काढा.
माणसाला कुठे वाजवायचं?

आणि तो दाभोळचा पोरगा, सतराचा,
जांभ्याच्या खडीवरही चेंडू स्टिकला चिकटवून पळणारा,
त्याला काय सांगू?
थांब, एकाची उमेद संपायची आहे अजून?

दया म्हणून जागा दिली, तर मुश्ताक घेणार नाही.
मैदानावर फक्की तोच मारतो, न सांगता,
पण ते काही कारण नव्हे.
असावं, असं मात्र वाटतं.

आता उजाडतंय.
खाली गोलच्या फळीवर चेंडू आदळतोय.
एक. दोन. तीन.
चौथा नाही.
करवंदीच्या जाळीत गेला असणार.

पेन्सिल हातात धरून
मी तो सापडायची वाट बघतो.