श्वास मोजणारी डबी

भिंतींना कान असतात, हे जुनंच झालं.
औलूतल्या या सहा मजली इमारतीच्या भिंतींना
नाकंसुद्धा आहेत.
टाइस्तोनं पहिल्याच दिवशी दाखवलं:
दाराजवळ, स्विचच्या वर,
साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी.
"ही श्वास मोजते, इंकेरी.
हिच्याशी खोटं बोलता येत नाही."

छतावरच्या डोळ्याशी येतं.
त्याला माणूस दिसत नाही, नुसती हालचाल दिसते.
लेखापाल कौको आकड्यांत गढला
की वीस मिनिटांनी त्याच्या डोक्यावरचा दिवा जातो,
आणि मान वर न करता तो
बुडणाऱ्यासारखा एक हात हलवतो.

बाहेर उणे अठ्ठावीस.
आत, तळघरात, आमच्या दोन खुर्च्या, कॉफीचं यंत्र
आणि पडद्यावर अख्खी इमारत
उसवून पसरलेल्या कोटासारखी:
पंखे, पंप, झडपा, शुक्रवारी चारला तापणारा साउना.

मोजायचं. ठरवायचं. झडप फिरवायची.
परत मोजायचं.
"एवढंच," टाइस्तो म्हणायचा, "बाकी सगळ्या तारा."
खोली गारठली, उघड. तापली, मीट.
आणि मधे दीड अंशाची एक पट्टी,
जिथे यंत्रानं गप्प बसायचं.
ती नसेल तर उघड-मीट उघड-मीट करत
झडप एका हिवाळ्यात झिजते.
"नवे लोक ही पट्टी अरुंद करतात."
नवे लोक म्हणजे मी.

फेब्रुवारीत आलेख चाळताना
चौथा मजला, खोली चारशे बारा, जुन्या फायलींची.
रात्री अकरानंतर हालचाल शून्य, दिवा बंद.
आणि डबीचा आकडा
चारशे वीस, पाचशे, सहाशे दहा,
पहाटे सातशे चाळीस,
सहाच्या ठोक्याला खाली.
रोज. रविवारीसुद्धा.

"बिघडलीय," मी म्हटलं. "बदलू या."

टाइस्तोनं कॉफी ढवळली. साखर तर तो घेत नाही.
मग रात्रीच्या तापमानांची यादी उघडली.
सगळ्या खोल्या सोळा, सोळा, सोळा.
चारशे बारा: वीस.
कारणाच्या रकान्यात: डबीची चाचणी सुरू आहे.
तारीख ऑक्टोबरची, पहिल्या बर्फाच्या आठवड्यातली.

"कोण आहे?"
"एकजण. आकड्यावरून एकच."
"पण कोण?"
"माहीत असतं, तर कळवावं लागलं असतं."

इमारतीला सगळं कळत होतं.
तिच्या डोळ्यांवर कातडं
टाइस्तोनं ओढलं होतं, चार अंश जाडीचं.

मे महिन्यात तो निवृत्त झाला.
चाव्या दिल्या, पासवर्ड दिले,
तिसऱ्या पंपाची खोड सांगितली:
थांबला तर आधी लाथ घाल, मग कंपनीला फोन.
चारशे बाराबद्दल अक्षर नाही.
रकान्यात मी नवी तारीख घातली.
वाक्य तेच ठेवलं.

नोव्हेंबरात एका रात्री रेघ चढलीच नाही.
चारशे वीस.
दुसऱ्या रात्री चारशे वीस.
तिसऱ्या रात्री गोठलेल्या नदीसारखी सपाट.

घर मिळालं असेल.
पोटात काहीतरी हललं, तरी मी तेच म्हणत राहिले:
घर मिळालं असेल.

जिन्यानं वर गेले. दार उघडंच होतं.
दिवा लागला, माझ्यासाठी.
फायलींची कपाटं, घडी घातलेला पुठ्ठा,
रेडिएटरवर वाळत टाकलेला
एकच लोकरी मोजा, टाचेला दुसऱ्या रंगाचं रफू.

मी पुठ्ठ्यावर बसले आणि हलले नाही.
वीस मिनिटांनी दिवा गेला.
मोजा ऊबदार होता, नळांतल्या पाण्यामुळे,
दुसऱ्या कशामुळे नाही.

खाली, कुणीच नसलेल्या तळघरात,
पडद्यावर
आकडा चढत असणार.